पेटीची चावी

भोसरी, प्रेस शॉप. भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीची चावी
नऊ वर्षं माझ्या करदोट्याला.
आत कापूस, आयोडीन, तारीख उलटलेलं मलम
आणि एकच कात्री.

पत्र्याची धार सगळ्यांना सारखीच.
परमनंट असो की ठेकेदाराचा,
बीडचा असो की बलियाचा,
ती आडनाव विचारत नाही.
रोज दोन-तीन बोटं यायची माझ्याकडं.
उघड्या हातानं दाबून धरायचो,
वर फुंकर घालायचो,
कात्री पँटला पुसून परत पेटीत,
आणि चहाला.

वर्धापनदिनाला रक्तदान झालं,
प्रत्येकाला स्टीलचा डबा.
तीन आठवड्यांनी बिभीषण डोईफोडेला रक्तपेढीचा फोन:
एकट्यानं येऊन भेटा.
तो मला घेऊन गेला. चावी माझ्याकडं असते ना,
त्याला वाटायचं, मला डॉक्टरकीतलं कळतं.

शिरवळकर बाई सावकाश विचारत होत्या.
गोंदलंय?
जत्रेत. एका सुईनं आम्ही पाच जण.
दाढी?
बालाजीनगरच्या कोपऱ्यावर. गर्दी नसली तर ब्लेड बदलतो.
खोलीवर किती जण?
सहा. रेझर एक.
रक्त चढवलंय कधी?
हे बोट गेलं तेव्हा, दोन बाटल्या.
इंजेक्शनं?
तो हसला. गावाकडं सुईशिवाय ताप उतरतो का, बाई?
बायकोशिवाय कुणाशी संबंध?
तो गप्प. मी खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या.
आई आहे?

आई पोटात पाणी होऊन गेली.
कावीळ उतरवली होती तिची.
चुन्याच्या पाण्यात हात चोळले, पाणी पिवळं झालं,
सगळे म्हणाले, उतरली.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, कुठून आलं ते आता नाही सांगता यायचं.
ताटातून पसरत नाही. शेजारी बसल्यानं नाही.
बायकोची, पोरांची तपासणी करा, लस द्या,
दारू बंद, दर सहा महिन्यांनी या.
आणि जाता जाता, माझ्याकडं न बघता:
वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा
सात दिवस जगतो हा.

सात दिवस.
एका गुरुवारच्या सुट्टीपासून दुसऱ्या गुरुवारपर्यंत.
परतताना बिभीषण आईबद्दल बोलत होता बहुतेक.
मला फक्त कात्री दिसत होती.

बातमी शॉपमध्ये कशी पोचली, देव जाणे.
मी नाही सांगितली.
म्हणजे घरी सांगितली. बायकोनं कुणाला सांगितली, विचारलं नाही.
कॅन्टीनमधल्या एका ताटाच्या कडेवर
लाल ऑइलपेंटचा ठिपका आला.
एकदा ते ताट माझ्याच पुढं आलं.
जेवलो. हिंमत वगैरे काही नाही,
सेकंड शिफ्ट होती, भूक होती.
पण ठिपक्याला अंगठा लागू दिला नाही, हेही खरं.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह निघाला.
पेढे आणले, आणि डबा
दिवसभर गाडीच्या डिकीतच ठेवला.

सगळ्यांना लस द्या, म्हणून अर्ज केला.
साहेब म्हणाले, यंदा बजेट हेल्मेटचं आहे.
हातमोजे मात्र मिळाले. शंभराचा एक खोका,
आणि दुसरी कात्री, भांडून.

काल बिभीषणचं बोट पुन्हा कापलं. डावं, तर्जनी.
पेटी उघडली, मोजे चढवले.
रबर मनगटावर चट्कन वाजलं.
तो बोटाकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होता.

आधी नव्हता घालत, भाऊ.

आता सगळ्यांनाच घालतो, म्हणालो.
खरंच घालतो. सकाळी रामसजीवनला घातले होते,
विचार त्याला.
तो काही बोलला नाही.
पट्टी बांधून झाली, तरी मी बोट धरून उभा होतो,
आणि फुंकर घालायची राहून गेली.